चरण दुसरा की तिसरा?

बारशाच्या पत्रिकेवर सगळ्यात वर 'श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न', खाली कुलदैवत, त्याखाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', आणि अगदी तळाला, जिथे पूर्वी 'कृपया आहेर आणू नये' असायचं तिथे, क्यूआर कोड. तो स्कॅन केला की एक आयरिश बाई बाळाचं नाव सावकाश, तीनदा म्हणून दाखवते. पाहुण्यांनी घरून तयारी करून यावं, ही नम्र विनंती.

नाव लिहायचं एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. म्हणायचं सीर्शा. का, ते विचारायचं नाही.

आई-बाबा पुण्याला आयटीत, बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात. नाव युनिक हवं ही पहिली अट. त्यामुळे कियारा, मायरा, शनाया बाद. होटगी रोडला 'कियारा' म्हणून हाक मारली की तीन पोरी आणि एक पामेरियन वळून बघतात. दुसरी अट, कंपनीने उद्या परदेशी पाठवलं तर तिकडच्या मास्तरांची जीभ अडखळू नये. (हे नाव वाचताना त्यांचीही अडखळते, पण ते नंतर.) तिसरी अट राशीच्या अक्षराची, कारण माणूस कितीही पुढारला तरी संस्कार सोडायचे नसतात. गुरुजींनी पंचांग उघडलं: शततारका नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'सी'. सीता म्हटलं तर 'काकू, प्लीज'. सीमा म्हटलं तर ते म्हणे बँकेतल्या बाईचं वाटतं. शेवटी रात्री दोन वाजता मोबाइलवर केल्टिक नावांची यादी सापडली आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून झोपले.

गुरुजींची झोप मात्र तिथूनच उडाली असणार. शततारकेच्या चार चरणांची अक्षरं गो, सा, सी, सू. म्हणताना 'सी', म्हणजे तिसरा चरण, बिनचूक. पण दाखल्यावर नाव एस-ए ने सुरू होतं, म्हणजे 'सा', म्हणजे दुसरा चरण. एकच मुलगी बोलताना तिसऱ्या चरणात जन्मली आणि लिहिताना दुसऱ्या. बरं, त्या ए ला चिकटून ओ आहे. तो जोडून वाचला तर 'सो' होतं, आणि 'सो' शततारकेत नाहीच, ते पूर्वाभाद्रपदेत. म्हणजे स्पेलिंगने नक्षत्रच बदललं! शततारका राक्षसगणाची, पूर्वाभाद्रपदा मनुष्यगणाची. मुलगी राक्षसगणाची म्हणून स्थळं फिरकत नाहीत, असं रडणाऱ्या आयांनो, इतकी वर्षं शांती करण्यात पैसे घातलेत, एक स्वर वाढवला असता तर भागलं असतं. योनीही बदलते, घोड्याचा सिंह होतो. रास तेवढी कुंभच राहते, ही आयर्लंडची कृपा. त्यातून खुद्द आयर्लंडात कोणी सीर्शा म्हणतं, कोणी सर्शा, म्हणजे तिथे चरण तोंडागणिक फिरतो. पुढेमागे या मुलीचे छत्तीसपैकी किती गुण जुळले हे मुलाकडच्यांनी नाव वाचलं की ऐकलं, यावर ठरणार. हे सगळं गुरुजींना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि 'यथाशक्ती' एवढंच म्हणाले.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या बार्शीची. तिला आठ दिवस आधी व्हॉइस नोट गेली होती, आणि भाकऱ्या थापताना ती लावून सरावही झाला होता. पण माइकवर 'कुर्र्र' झालं, पाळण्यावर वाकली आणि ऐन वेळी तोंडून आलं 'शिरसा'. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच हात जोडून 'शिरसावंद्य' म्हटलं. त्यांचं बघून मागच्यांनीही म्हटलं. केकवाल्याने 'सावर्से' लिहिलं होतं. आजोबांचे चाळीतले मित्र घुगऱ्या चावत विचारत होते, 'काय बे, सायरस ठेवलास का काय?' आधार केंद्रावर तर मशीन इंग्रजीवरून मराठी आपोआप करतं, तिथे काय उगवेल ते सिद्धेश्वरच जाणे. ऑपरेटर बिचारा आपल्या अकलेने दुरुस्त करणार, बँक ती दुरुस्ती नाकारणार, आणि बाबा दर सहा महिन्यांनी रजा काढून 'दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असं प्रतिज्ञापत्र करणार. लसीच्या रांगेत सिस्टर ओरडणार, 'साओइर्से कोण?' आणि कोणीच उठणार नाही.

मला या सगळ्याचं काही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत रोज भांडणारं हे गाव. इथे सिद्धव्वा आहे, नागम्मा आहे, अंबूबाई आहे, जुबेदा आहे. पणजीचं नाव सिद्धव्वा होतं, ते कोणीतरी सुचवलं तेव्हा बाळाचे काका इतके हसले की ठसका लागला. चार भाषांतल्या आज्या टाकून ही मंडळी पाचवीत गेली, आणि ती कुठली? तर आयरिश, तिकडच्या २०२२ च्या जनगणनेप्रमाणे शाळेच्या वर्गाबाहेर जी रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आसपास उरलेत. एवढी माणसं आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत एका संध्याकाळी भजी खातात.

या नावाचा अर्थ स्वातंत्र्य. आयर्लंड इंग्रजांशी लढून सुटला, त्या १९२० च्या दशकापासून तिकडे मुलींना ते ठेवायला लागले. त्यांचं ठीक आहे, त्यांनी त्याची किंमत मोजलीय. पण सोलापूरकराने स्वातंत्र्य आयर्लंडहून मागवायचं? मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्यावर हे शहर पेटलं, पोलीस गाव सोडून गेले, दोन-तीन दिवस कारभार लोकांनीच चालवला, आणि मग इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा, चौघे फासावर. बारशाचे निम्मे पाहुणे त्यांच्या पुतळ्यांना वळसा घालून हॉलवर आले. बाळाच्या बाबांना या चौघांपैकी दोन नावं आली नाहीत. एस-ए-ओ-आय-आर-एस-ई मात्र उलटं विचारलं तरी सांगतात.

आणि स्वातंत्र्य द्यायचं कोणाला? पाळण्याच्या उजव्या हाताला बाळाची आई बसली होती. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नाव बदललं, कारण तिचं माहेरचं नाव थोरल्या जावेचंही होतं. बी.ई.च्या सर्टिफिकेटवर एक नाव, बारशाच्या पत्रिकेवर 'सौ.' लावून दुसरं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. तेव्हा आता आईच्या रकान्यात हिचं कुठलं नाव टाकायचं यावर हॉलच्या जिन्यात वाद चालू होता, आणि त्या वादात तिला कोणी बोलावलं नव्हतं. मुलीच्या नावातला मुका स्वर गळू नये म्हणून क्यूआर कोड छापणाऱ्या घराने आईचं अख्खं नाव तांदळात पुसलं, त्याचा उच्चार ऐकायला कुठला कोड स्कॅन करायचा? पंगतीत एक मावशी म्हणाल्याच, 'असू दे गं, पुढच्या खेपेला मुलगा होईल.' स्वातंत्र्याच्या आजीने मान डोलावली आणि जिलबी वाढायला सांगितली.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली प्रशासनाने एक बारसं घातलं होतं. तिथे क्यूआर कोड नव्हता. २८५ मुलींची नावं 'नकुसा' अशी होती, ती एका कार्यक्रमात बदलली. त्यांतल्या कित्येकींनी नवं नाव स्वतः निवडलं. त्या मुली आयर्लंडला गेल्या नव्हत्या.

कायद्याचं म्हणाल तर जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क घालता येतं आणि पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मी बाळाच्या बाबांना गाठून सुचवलं, रकाना कोरा ठेवा, नववीला गेली की तिची तीच भरेल. त्यांचं लक्ष नव्हतं. पाळण्यात रडारड सुरू झाली होती आणि ते झोका देत म्हणत होते, 'गप गं चिमे, गप, चिमे.'