भाऊ आले की उठते

अमरावतीत ज्या इमारतीत सर्व्हर आहे, तिथे एक भाऊ असतो. कॉलेज असो, पतसंस्था असो की राजापेठेतला कोचिंग क्लास असो, भाऊ ठरलेला. हजेरीपटावर त्यांचं पद ‘प्रयोगशाळा सहायक’ असतं, प्राचार्य त्यांना ‘आपले सिस्टिमवाले’ म्हणतात आणि बाकी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते ‘भाऊ सर्व्हर’ या नावानं असतात. आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातली एक किल्ली सर्व्हर रूमची. उरलेल्या कशाच्या, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. पण दार उघडायच्या आधी त्या सगळ्या एकेकदा लावून पाहिल्या जातात आणि तेवढ्यात मागे गर्दी जमते.

गर्दीचं कारण म्हणजे रात्री गेलेली लाइन. वऱ्हाडात लाइन जायला निमित्त लागत नाही. उन्हाळ्यात घरोघरचे कूलर एकदम सुरू झाले की जाते, पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याला जाते, आणि हिवाळ्यात कोणाचंच काही सुरू नसताना जाते. अकोला जिल्ह्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्रात 250 मेगावॅटचे 2 संच आहेत, हे आम्ही शाळेतल्या पोरांना मेणबत्तीच्या उजेडात शिकवलेलं आहे. तर लाइन गेली की यूपीएस थोडा वेळ किंचाळतो आणि गप्प होतो. पहाटे लाइन येते. मशीन आपलं आपण सुरू होतं, हिरवा दिवा लागतो, पंखा फिरतो. सुरू होत नाही तो फक्त त्याच्यावरचा वेब सर्व्हर. म्हणजे ग्रंथालयाची यादी बंद, फीची पावती बंद, हजेरी बंद. लिपिक मॅडम खिडकीतून एकच प्रश्न विचारतात, “भाऊ आले का?”

भाऊ साडेदहाला येतात. गर्दीकडे पाहत नाहीत. बूट बाहेर काढतात, कारण सर्व्हर रूममध्ये दसऱ्याला पूजा होते. यंदाचं हळदीकुंकू अजून यूएसबीच्या भोकात आहे. आत एसी आहे. पूर्वी कूलर होता. तो सर्व्हरच्या तोंडावर लावून एका मे महिन्यात भाऊंनी 45 अंशांवर विजय मिळवला होता. जूनमध्ये मदरबोर्डवर गंज चढला, तेव्हा एसी मंजूर झाला. खुर्चीवर बसून भाऊ कँटीनच्या पोऱ्याला हाक मारतात. चहा येतो. तो बशीत ओतून, फुंकून, सावकाश पिऊन होतो. दारात उभे असलेले विभागप्रमुख घड्याळ पाहतात.

“भाऊ, आधी सुरू करून घ्या ना. चहा मग घ्या.”

“चहा झाल्याबिगर मी मशीनले हात लावत नाही सर. उगा घाई केली तं ते बिघडते.”

मग ते कीबोर्ड जवळ ओढतात, अंग जरा पुढे करून पडदा झाकतात, एक ओळ टाइप करतात आणि मान वळवून जाहीर करतात, “उठला.” खिडकीवर प्रिंटर कुरकुरू लागतो. प्राचार्य केबिनमधून फोन करतात, “काय झालं होतं?” या प्रश्नाला भाऊंकडे रोज निराळं उत्तर असतं. “सर्व्हिस पडली होती सर.” “पोर्टचा लोचा होता.” “आयपी गोंधळला होता.” प्राचार्य “अस्सं” म्हणतात. ते रसायनशास्त्राचे आहेत.

मला बरेच दिवस वाटायचं की भाऊंना एवढी एकच ओळ येते. हा समज त्यांच्या बाबतीत सर्रास होतो आणि तो त्यांच्यावर अन्यायच आहे. भारनियमनाच्या दिवसांत, जेव्हा लाइन कधी आहे यापेक्षा कधी नाही हे पाठ असे, तेव्हापासून हे गृहस्थ यंत्रं उठवत आलेले आहेत. विंडोजवर एक्झाम्प चालायचं त्या काळात रोज सकाळी त्यातला अपाची, म्हणजे वेब सर्व्हर, उठायला नकार द्यायचा, कारण 80 नंबरच्या पोर्टवर त्याच्या आधी स्काइप येऊन बसलेलं असे. स्काइप प्राध्यापकांच्या अमेरिकेतल्या मुलासाठी होतं, त्यामुळे काढता येत नव्हतं. भाऊंनी सेटिंगमधली एक खूण काढली आणि दोघांनाही नांदायला लावलं. एकदा फीच्या पावत्यांवर पंधरा-वीस वर्षं जुनी तारीख येऊ लागली. लेखापाल साहेबांच्या सहीची पावती निघाली ती त्यांच्या नोकरीआधीची. ब्राउझर म्हणू लागला की या साइटचं प्रमाणपत्र अजून वैधच झालेलं नाही. सगळ्यांनी व्हायरस ठरवला. भाऊंनी मशीन उघडलं, राजकमल चौकातल्या घड्याळवाल्याकडून सीआर 2032 नावाचं 3 व्होल्टचं गोल सेल आणलं, बसवलं आणि कॉलेज वर्तमानकाळात आणलं. लाइन नसताना मशीनचं घड्याळ त्या सेलवर चालतं. ते संपलं की मशीनला आजचा दिवस आठवत नाही. बिल इतकं किरकोळ होतं की लेखा विभागानं तीन कोटेशनं मागितली.

शनिवारी भाऊ अकोल्याला असतात. तिथे त्यांची दोन-तीन ‘बाहेरची’ कामं आहेत. जाताना मूर्तिजापूरच्या आसपास ते हटकून त्या विक्रमाचा विषय काढतात. 2022 च्या जून महिन्यात याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका पदराचा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात नाव लागलं. “दिवसरात्र काम, थांबणं नाही. आन् आपल्या कॉलेजात एक सीपीयू खालून वर न्यायले तीन सह्या लागतात.”

अकोल्यातल्या एका दवाखान्याची गोष्ट ते त्या रस्त्यावर सांगतात. रोज सकाळी सर्व्हर मेलेला. कंपनीचा माणूस फोनवरून ‘रीस्टार्ट करा’ म्हणायचा, आणि दवाखान्यातले लोक तो रीस्टार्ट करायचे, पुन्हा मेलेला. भाऊ गेले. मशीनला मॉनिटरच जोडलेला नव्हता. तो रिसेप्शनवर टीव्ही म्हणून लावला होता. भाऊंनी तो काढून आणून जोडला, तर पडद्यावर रात्रीपासून एक प्रश्न उभा: पासवर्ड सांगा. साइटचं कुलूप सांभाळणाऱ्या चावीलाच कोणीतरी पासवर्ड घातला होता आणि तो दिल्याशिवाय अपाची पुढे जात नव्हता. पासवर्ड घालणारा मुलगा कॅनडाला गेला होता. “तो मेला नव्हता जी,” भाऊ म्हणतात, “तो बिचारा रातभर विचारून रायला होता. इकडे कोणी पाहूनच नव्हतं रायलं.” डॉक्टरांनी त्यांना फी म्हणून पाकीट दिलं आणि वर मोफत रक्तदाब तपासून दिला.

अशा या माणसाच्या राज्यात गेल्या वर्षी एक पोरगा रुजू झाला. बडनेऱ्याचाच, पण पुण्यात दोन-तीन वर्षं आयटीत काढलेली, त्यामुळे ‘मले’चं ‘मला’ झालेलं. आईच्या आग्रहाखातर परत आला होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात भाऊंच्या खांद्यावरून पडदा पाहिला.

“भाऊ, तुम्ही रोज नुसतं स्टार्ट करता? ही सर्व्हिस इनेबलच केलेली नाही!”

खोलीत शांतता पसरली. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू कर, इनेबल म्हणजे मशीन सुरू होईल तेव्हा दर वेळी तूच सुरू हो. एका शब्दाचा फरक, आणि त्या एका शब्दापायी कॉलेज कितीतरी सकाळी साडेदहाची वाट पाहत बसलं होतं, ही वार्ता चहाच्या पोऱ्यामार्फत पाच मिनिटांत प्राचार्यांपर्यंत गेली. पोरानं तो शब्द टाइप केला. भाऊ फुटाणे खात होते. एवढंच म्हणाले, “कर बावा. पाहू.”

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद होता. फरक इतकाच की आधी तो काळ्या अक्षरात बंद असायचा, आता लाल अक्षरात ‘फेल्ड’ दिसत होतं. पोरानं लॉग काढला. शेवटची ओळ सांगत होती की लॉग उघडता आले नाहीत. मग त्यानं लॉगचं फोल्डर धरलं. मालक बदलला, परवानग्या बदलल्या, शेवटी चिडून सगळ्यांना सगळं खुलं केलं. संध्याकाळ झाली. लाल ते लालच.

“पोट्ट्या,” भाऊ म्हणाले, “शेवटची ओळ काऊन वाचून रायला? रडणारं माणूस शेवटी काहीही बोलते. त्याच्या वरची वाच.”

वरची ओळ म्हणत होती की मागितलेला पत्ता देता येत नाही. सेटिंगमध्ये अपाचीला बजावलेलं होतं की फक्त अमुक एका आयपी पत्त्यावर, 80 नंबरच्या पोर्टवर कान देऊन बस. आणि तो पत्ता मशीनला मिळत होता खालच्या मजल्यावरच्या राउटरकडून. लाइन आल्यावर तो राउटर सावकाश, दोन-तीन मिनिटांनी भानावर यायचा. तोवर अपाची उठलेला, आपला पत्ता शोधलेला, न सापडल्यामुळे रागानं झोपलेला. जाता जाता ‘लॉग उघडले नाहीत’ असं भलतंच काही बडबडलेला.

“नवरदेव पोचला नाही आन् यानं मंगलाष्टकं सुरू केले,” भाऊंनी निकाल दिला. “अंतरपाट धरून कोणाच्या समोर उभं रायचं?”

पोरगा म्हणाला, पण आधी तर हे चालत होतं असं सगळे सांगतात. चालत होतंच. आणि इथे भाऊंनी जो इतिहास सांगितला तो मी टिपून घेतला. जुन्या सेंटओएस 6 या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुरुवातीच्या सगळ्या कामांना नंबर होते. नेटवर्क 10, वेब सर्व्हर 85. दहाव्याचं आटोपल्याशिवाय पंच्याऐंशीव्याला हाक जात नसे. 2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी आणलं, आणि ते सगळ्यांना एकदमच उठवतं, म्हणजे मशीन लवकर सुरू होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सेंटओएस 6 ची मुदत संपली, म्हणून भाऊंनी 7 चढवलं, आणि तेव्हापासून ही पहाटेची शर्यत लागली. त्या नव्या व्यवस्थेत ‘नेटवर्कनंतर’ असं लिहिलेलं असतं खरं, पण त्याचा अर्थ नेटवर्कची तयारी सुरू झाल्यानंतर, पत्ता हातात पडल्यानंतर नव्हे. पत्त्यासाठी थांबायचं असेल तर ‘नेटवर्क-ऑनलाइन’ असं वेगळं सांगावं लागतं, आणि तेही ठरावीक वेळच थांबतं. हा फरक पाहिला की मला आमच्या कार्यालयातली ‘प्रस्ताव पाठवला आहे’ ही नोंद आठवते.

पोरानं रात्री जागून तोडगा काढला. सुरू व्हायची मुदत वाढवून अपाचीच्या आधी 180 सेकंद नुसतं थांबायची आज्ञा घातली. सकाळी सर्व्हर उठला. पोरगा नाचायचा बाकी. भाऊंनी ती ओळ वाचली आणि समाधानानं मान हलवली.

“म्हणजे तूनंही त्याले चहाच पाजला.”

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बशीतला तो चहा, ते फुंकणं, ते घाई करू न देणं. कधी लाइन साडेदहालाच यायची, भाऊही तेव्हाच यायचे, राउटर अजून डोळे चोळत असायचा. चहा संपेपर्यंत पत्ता आलेला असे.

खरा इलाज भाऊंना केव्हाचा ठाऊक होता. अपाचीला एका पत्त्याला बांधायचं कारणच नव्हतं. नुसतं ‘लिसन 80’ लिहिलं की तो कोणत्याही पत्त्याची वाट न पाहता उठतो, पत्ता मागाहून आला तरी चालतो. कुण्या तपासणीवाल्या साहेबांनी एका भेटीत एकच पत्ता ठेवा म्हणून सांगितलं, ते तसंच राहिलं. भाऊंनी ती ओळ बदलली, मशीनची वायर उपटून पुन्हा लावली आणि लोकांच्या देखत सर्व्हर एकट्यानं उठला.

“मग भाऊ, इतकी वर्षं का नाही केलं?” मी विचारलंच.

“मले कोणी विचारलं कुठी? काय झालं होतं, हे सारे विचारतात. काऊन होते, हे कोणी विचारत नाही. आन् इनेबल करून ठेवलं असतं तं लाल दिसलं असतं. लाल दिसलं का सर घाबरतात. नुसतं बंद दिसलं तं मले फोन करतात.”

यात लबाडी किती आणि व्यवहार किती, हे मी ठरवू शकलो नाही. थोडी लबाडी असावी. पण ज्या नोकरीत काम बरोबर चाललं की माणूस दिसेनासा होतो, तिथे रोज सकाळी दहा मिनिटं दिसावं असं वाटणं मला फार मोठा अपराध वाटत नाही.

चौथ्या दिवशी कार्यालयात खळबळ उडाली. शिपाई काकाजींनी सकाळी सात वाजता झाडताना खिडकीवरच्या संगणकावर फीचं पान उघडलेलं पाहिलं. आत कोणी नाही, सर्व्हर रूमला कुलूप, आणि साइट सुरू! प्राचार्यांनी भाऊंना घरी फोन केला, “भाऊ, सर्व्हर सुरू आहे. कोणी सुरू केला?” दुपारी पोराच्या हातात जावक क्रमांकासह पत्र पडलं: महाविद्यालयाचा सर्व्हर कार्यालयीन वेळेपूर्वी परस्पर सुरू होत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी याबाबत लेखी खुलासा सादर करावा.

पुण्यात असला खुलासा कधी लिहावा लागला नसल्यामुळे पोरगा घामाघूम झाला. भाऊंनी त्याला खुर्ची दिली, दोन चहा सांगितले आणि स्वतः कागद ओढला. अक्षर वळणदार, समास सोडलेला. “उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर सर्व्हर हा प्रयोगशाळा सहायक यांच्या देखरेखीखाली दररोज आपोआप सुरू होत असून, त्यात कोणताही अनधिकृत हस्तक्षेप नाही.”

पत्र त्याच संध्याकाळी शेरा होऊन परत आलं. हिरव्या शाईत, खाली सही: “पाहिले. आपोआप सुरू झाल्याची खात्री भाऊंनी रोज 10.30 वाजता समक्ष करावी. तोपर्यंत कोणीही वापरू नये.”