पासवर्डकाका

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत दर पिढीला एक जबर हिशेबी माणूस असतोच. संस्थानाच्या काळात तो कोण्या सरदाराच्या दप्तरात खतावण्या लिहायचा. पुढे तो एजी ऑफिसात, म्हणजे हिशेबतपासणीच्या कचेरीत लागला. आता तो निवृत्त झालाय आणि अख्ख्या गोतावळ्याचं ओटीटी सांभाळतो. अशा गृहस्थांना पासवर्डकाका याखेरीज दुसरं नाव शोभत नाही.

सकाळी फूलबागेत फिरायला येणाऱ्यांत ते लगेच ओळखू येतात. बाकीची मंडळी गुडघे, जावई आणि नगर निगम या विषयांवर असतात. काकांच्या खिशात छोटी डायरी आणि डायरीत वर्गण्या संपण्याच्या तारखा. "तुमचं प्राइम कधी संपतंय?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारतात की समोरच्याला आपलंच काहीतरी संपत आल्याची शंका येते.

दुसऱ्याच्या खर्चावर आक्षेप काढण्यात उभी नोकरी गेली. ती सवय पेन्शनीत कुठे जाणार? त्यामुळे काकांकडे प्रत्येक कंपनीचा एक ऑडिट पॅरा तयार असतो. पहिला प्राइमचा. २०१६ मध्ये वर्षाला ४९९ रुपये, ही स्वागताची किंमत. मग ९९९. डिसेंबर २०२१ पासून १४९९. जून २०२५ मध्ये त्यात जाहिराती घुसल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. बेरीज २१९८. "चौपटीहून जास्त!" काका बोट वर करून सांगतात. स्वरात संताप कमी, समाधान जास्त. दर वाढला नसता तर पॅरा कुठून आला असता?

नेटफ्लिक्सने मात्र त्यांना चकवलं. जानेवारी २०१६ मध्ये ती कंपनी भारतात आली तेव्हा सर्वांत स्वस्त योजनाच महिन्याला ५०० रुपयांची होती. काकांनी तिला तेव्हाच ‘परदेशी' म्हणून निकालात काढलं होतं. आणि १४ डिसेंबर २०२१ ला, प्राइमचा दर दीडपट झाला त्याच दिवशी, नेटफ्लिक्सने दर उतरवले. मोबाइलची योजना १९९ वरून १४९ वर आली. दर खाली आल्यावर आक्षेप कसा काढायचा, हे कुठल्याच नियमपुस्तिकेत नव्हतं. काकांनी दीड वर्ष वाट पाहिली. २० जुलै २०२३ ला कंपनीने भारतातल्या ग्राहकांना कळवलं, की एक खातं एकाच घरापुरतं. मग काय विचारता! पुण्याची लेक, इंदूरचा भाचा, ठाण्याची मेहुणी, सगळे एका रात्रीत घराबाहेर. "सुतक पाळताना आम्ही एक घर, आणि सिनेमा बघताना नाही?" काकांचा हा मुद्दा बिनतोड आहे. कंपनीकडून अद्याप खुलासा आलेला नाही.

पण काकांचा आवडता पॅरा वेगळाच, आणि तो ते फूलबागेतच वाचून दाखवतात, कारण पुरावा समोर असतो. महाराजा माधवराव शिंद्यांच्या या बागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीचं लॉज एकाच आवारात आहेत. "महाराजांनी चौघांना एका कंपाउंडात नांदवलं," काका म्हणतात, "आणि या कंपन्यांना एक ‘गेम ऑफ थ्रोन्स' एका जागी ठेवता येत नाही!" यात अतिशयोक्ती नाही. ३१ मार्च २०२३ नंतर तिच्यासकट एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या. मे महिन्यात त्या जिओसिनेमावर उगवल्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला, चांगला मुहूर्त बघून, दोन्ही दुकानं एक झाली आणि जिओहॉटस्टार जन्माला आलं. म्हणजे मालिका फिरून फिरून बहुतेक होती तिथेच आली. मधल्या काळात काकांनी दोन्हीकडे वर्षाचे पैसे भरले होते.

त्याच जिओसिनेमाने २०२३ ची आख्खी आयपीएल फुकट दाखवली होती. त्या उन्हाळ्याची आठवण काका अजून काढतात. फुकटाच्या पोटी पुढची वर्गणी असते, हे आपल्यासारख्यांना उशिरा कळतं. आधी सवय लावायची, मग पावती फाडायची, हा धंद्याचा साधा नियम. काकांना तो तेव्हाच कळला होता. तरीही त्यांनी प्रत्येक सामना पाहिला, अगदी दिल्ली हरत असतानाही.

काकूंचं गणित निराळं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहून घरात मराठी ऐकू यावं, एवढीच त्यांची मागणी. केबलवाल्याकडे मराठी वाहिनी मागून घ्यावी लागते, आणि तो हटकून म्हणतो, "आंटी, पैक में नहीं है।" ओटीटीने ही अडचण खरोखर सोडवली. २०२० मध्ये ‘समांतर' ही मराठी मालिका एमएक्स प्लेअरवर फुकट आली, पुढच्या वर्षी प्लॅनेट मराठी सुरू झालं. महाराष्ट्रापासून इतक्या लांब असलेल्या माणसाला याची किंमत मुंबईकरापेक्षा जास्त कळते. काकांच्या डायरीत मात्र या जमेच्या बाजूला रकानाच नाही.

मराठीसाठी त्यांनी एकदाच खिशात हात घातला. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल' व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळवून एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ख्यालगायकाची गोष्ट म्हटल्यावर ख्यालाचं माहेर असलेल्या ग्वाल्हेरने ती पाहायलाच हवी होती. परदेशी वगैरे विसरून काकांनी महिनाभराची वर्गणी भरली, तंबोरे लागले, आणि मध्यंतराच्या सुमारास काकांनी निकाल दिला: "गायलाय बरा. पण आपल्या घराण्याचा नाही." उरलेला सिनेमा काकूंनी एकटीने पाहिला. त्यांना तो फार आवडला. महिना संपायच्या आत काकांनी वर्गणी रद्द केली.

आता काकांनी नवी योजना काढली आहे. वर्गण्यांची भिशी. दर महिन्याला एका घराने एक वर्गणी भरायची आणि बाकीच्यांनी त्याच्या दिवाणखान्यात जमायचं. चहा त्या घरचा, डाळ भरलेली बेडई-पुरी काकांची. अडचण एवढीच, की काय लावायचं यावर एकमत होईपर्यंत बेडई संपते आणि काका पुढच्या महिन्याच्या दरांकडे वळतात.

ग्वाल्हेरला आलात तर यांना जरूर भेटा. किल्ला, जयविलास, तानसेनाची समाधी, सगळं आपुलकीने दाखवतील. फक्त त्यांच्यासमोर फोनवर ओटीपी आला, तर तो मोठ्याने वाचू नका.