करुंब्याहून नागावास: चाकांवरच्या घरासंबंधी काही खुलासे

करुंबा, क्वीन्सलँड
आषाढी एकादशीनंतरचा मंगळवार

ती. तात्या व ती. सौ. आई यांस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ऑस्ट्रेलियात ‘कॅरॅव्हॅन’ ही संज्ञा मोटारीच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या आणि आत पलंग, शेगडी, फ्रिज व पाण्याची टाकी असलेल्या घरवजा डब्यास लावली जाते. स्वतःचे इंजिन असलेल्या घरगाडीस ती लावली जात नाही, आणि आईंच्या रविवारच्या फोनसंदर्भात हेही नोंदवणे आवश्यक आहे की, राहते घर विकून बसलेल्या कुटुंबाच्या निवाऱ्यासही ती लावली जात नाही. ब्रिस्बेनचे घर जागच्या जागी असून त्याचे हप्ते दुर्दैवाने पूर्ववत चालू आहेत. छायाचित्रात जावई डब्याच्या पायरीवर लुंगी लावून कांदा चिरताना दिसतात, एवढ्यावरून नमूच्या सासरी जो निष्कर्ष काढण्यात आला त्यास कोणताही आधार नाही. ते सुटीवर आहेत, आणि सुटीवर असलेला मनुष्य या देशात असाच दिसतो.

मागील पत्रात प्रथमपुरुषी सर्वनामाचा सुकाळ झाल्याचा शेरा तात्यांनी लाल शाईत मारून ते पत्र परत धाडल्यामुळे प्रस्तुत पत्र प्रबंधाच्या शिस्तीने लिहिण्याचे योजले आहे. मात्र कॅरॅव्हॅन पार्कातील सामायिक धुलाईयंत्र ठरावीक वेळाने थांबते, आणि थांबल्याबरोबर कपडे न काढल्यास रांगेतील पुढचे आजोबा ते स्वतः काढून, झटकून, दोरीवर वाळत घालतात, ही या लेखनाची मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्यावी. मागच्या खेपेस जावयांचे बनियन अशा रीतीने एका निवृत्त रेल्वे-चालकाच्या हातून वाळले.

करुंबा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे मासेमारीचे गाव कार्पेंटेरिया आखाताच्या आग्नेय कोपऱ्यात, नॉर्मन नदीच्या मुखाशी वसलेले आहे. देशाच्या कोरड्या, विरळ वस्तीच्या अंतर्भागास येथे ‘आउटबॅक’ म्हणतात, आणि तो अंतर्भाग संपता संपता थेट समुद्रास भिडतो अशी ही जागा असल्यामुळे तिचे अप्रूप आहे. ब्रिस्बेनहून लाँगरीच, विंटन, क्लोनकरी या मार्गाने हे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक भरते, म्हणजे नागावहून श्रीनगर गाठण्याइतके, फरक इतकाच की वाटेत धाबा लागत नाही. १९३८ पासून सिडनी ते साउदॅम्प्टन या मार्गावरील उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमाने, येथे थांबत असत. १९६०च्या दशकात कोळंबीच्या व्यवसायाने गावास पुन्हा ऊर्जितावस्था आणली. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे प्रवासी हिंदुस्थानातून आणवलेले उंट घेऊन, अख्खे खंड ओलांडून या प्रदेशात पोहोचले, परंतु तिवरांच्या दाटीमुळे त्यांना प्रत्यक्ष समुद्र दिसलाच नाही आणि ते तसेच परत फिरले. तात्यांच्या तुळजापूर यात्रेचा विषय येथे मुद्दाम काढण्यात आलेला नाही.

वाटेवरील रोड ट्रेन, म्हणजे एकाच ट्रकमागे तीन-तीन डबे जोडून ५३.५ मीटरपर्यंत लांब होणारे वाहन, समोरून आले की लहानांनी बाजूस व्हावे हा संकेत असून तो पाळण्यास कोणासही सांगावे लागत नाही. नॉर्मंटन ते करुंबा हा सुमारे सत्तर किलोमीटरचा शेवटचा टप्पा इतका सपाट आहे की त्यावर उभा असलेला सारस दोन मैलांवरून दिसावा. गोंदियाच्या मावशींनी ज्यांच्या दर्शनासाठी सर्वांना पहाटे चारला उठवून धुक्यात उभे केले होते, त्याच जातीचे हे भाऊबंद येथे भर दुपारी, कोणासही न उठवता, रस्त्याकडेला चरत असतात.

गुडघ्यांमुळे आईंना बसून प्रवास सोसत नाही, सबब पुढील वर्षी त्यांना डब्यातील पलंगावर झोपवून न्यावे, ही तात्यांची सूचना सद्भावनेची असली तरी बेकायदेशीर आहे, कारण चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसास बसण्याची वा निजण्याची मुभा नाही. सामानासही शिस्त आहे: डब्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा मोटारीमागील जोडगोळ्यावर, ज्यास ‘टो बॉल’ म्हणतात, त्यावर पडावा लागतो, आणि मागील बाजू जड झाल्यास डबा वेगात असताना डावी-उजवीकडे झुलू लागतो. याच कारणास्तव आईंनी आग्रहाने दिलेला पितळी खलबत्ता मागील कपाटातून काढून चाकांच्या वर ठेवावा लागला, ही गोष्ट त्यांनी अवमान म्हणून घेऊ नये. शौचालयाविषयीच्या सोवळ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्याखालील पेटी दर दोन-तीन दिवसांनी ‘डंप पॉइंट’ नावाच्या ठरावीक जागी नेऊन रिकामी करावी लागते आणि ते काम जावई करतात. हे वाक्य नमूच्या सासरी वाचून दाखवू नये.

प्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशी आपले पार्सल मिळाले. गोडा मसाला, मेतकूट आणि विणलेली टोपी सुखरूप पोहोचली. कंदी पेढे पोहोचले नाहीत. गुरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकूत रोगापासून हा देश मुक्त असून तो हिंदुस्थानात आढळतो, त्यामुळे तिकडील दुधाचे पदार्थ येथे शिरू दिले जात नाहीत, आणि पेढ्यांच्या जागी पार्सलात एक छापील पत्रक घातलेले होते. ते अत्यंत सभ्य भाषेत लिहिलेले होते. परंतु आईंनी गुरुवारी उपास असतानाही ढवळलेल्या खव्यास एखाद्या पत्रकाने संशयित ठरवावे, हे सभ्य भाषेतही बरे वाटले नाही. पुढील खेपेस मेतकूट दुप्पट पाठवावे.

किमतींबाबत सांगायचे तर, एका रात्रीसाठी जमिनीचा एक आयताकृती तुकडा, एक नळ आणि विजेचा एक खटका यांचे साठ डॉलर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार रुपये पडतात. घर स्वतःचे, गादी स्वतःची, भांडी स्वतःची, आणि तरीही साडेतीन हजार, या आईंच्या उद्गारास लेखिकेजवळ उत्तर नाही. विजेची वायरही साधी चालत नाही. ती पंधरा अँपिअरची लागते, तिच्या प्लगचा अर्थिंगचा पाय जाड असल्यामुळे तो घरच्या साध्या खोबणीत शिरत नाही, आणि तेवढ्या जाडीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. वाटेतील एका एकाकी पंपावर डिझेलचा दर वाचून जावयांनी चष्मा पुसला व पुन्हा वाचला. पुढील पंप दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असल्याने दर मात्र तोच राहिला. उलट कोळंबी येथे बोटीवरून उतरते तशी स्वस्त मिळते, म्हणून सध्या कुटुंबाचे दोन्ही वेळचे जेवण कोळंबीचे आहे आणि धाकट्याने काल वरणभात मागितला.

आता मुख्य विषय. येथील लोक ज्या बारामंडी माशासाठी हजारो किलोमीटर घर ओढत येतात, तो मासा म्हणजे अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या तळ्यांमधला आपला जिताडाच होय. जात एकच, नाव वेगळे. हौशी मासेमारास खाऱ्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना लागत नाही, हे ऐकून जो आनंद होतो तो पुढील नियम वाचेपर्यंतच टिकतो. मासा ठरावीक लांबीहून लहान असेल तर सोडावा लागतो, हे कोणासही पटेल. परंतु तो १२० सेंटिमीटरहून मोठा असेल तरीही सोडावा लागतो. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे अवाढव्य जिताडे या बहुतेक लाखो अंडी घालणाऱ्या माद्या असतात व त्यांच्यावर पुढील पिढी अवलंबून असते, असे यामागील शास्त्र आहे. शास्त्र निर्दोष आहे. तथापि तात्यांच्या ८९ सालच्या जिताड्याची लांबी, जी दर गणपतीत वाढत गेली आहे, ती या नियमाच्या प्रकाशात पाहता ते आता गुन्हेगार ठरतात, आणि पुढील गणपतीपासून तो मासा ११९ सेंटिमीटरवर स्थिर करणे श्रेयस्कर होईल.

कुर्ल्यांचा नियम याहून कठोर आहे. क्वीन्सलँडमध्ये चिखलातील खेकड्याची मादी, मग ती कितीही मोठी असो, बाळगता येत नाही. नरही पंधरा सेंटिमीटर रुंदीचा भरल्याशिवाय घेता येत नाही. पोटाखालील झडप निमुळती त्रिकोणी असल्यास नर आणि रुंद गोलसर असल्यास मादी, हे आईंना सांगण्याची गरज नाही, कारण नागावच्या बाजारात त्या हीच झडप उलटून पाहतात, ती मात्र नेमक्या विरुद्ध हेतूने. लाखेने भरलेली कुर्ली हातात घेऊन, तिचे वजन जोखून, तिला नमस्कार करून पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रसंग या कुटुंबावर ओढवला असता जावई बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. खेकड्याच्या पिंजऱ्यावर मालकाचे नाव-पत्ता लावणे सक्तीचे आहे. त्यामुळे आपल्या घराण्याचे आडनाव सध्या नॉर्मन नदीच्या तळाशी, मोठ्या अक्षरांत, रिकाम्या पिंजऱ्यावर आहे. बारामंडीची मासेमारी ऑक्टोबरपासून जानेवारीअखेर बंद असते. यावर तात्या हसतील, परंतु नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या गावाने हसू नये.

भरतीबाबत तात्यांचे गणित येथे साफ फसले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी नातवंडांना फोनवर शिकवले व नातवंडांनी ते शेजारच्या आजोबांना शिकवले. परंतु या आखातात भरती सर्वसाधारणपणे दिवसातून एकदाच येते, दोनदा नाही, आणि पाऊणपटीने काढलेल्या वेळी आजोबांची होडी चिखलात बसली. ते रागावले नाहीत. समुद्रात पाय बुडवता येत नाहीत, कारण खाऱ्या पाण्यातील मगरी किनाऱ्यालगत असतात; नॉर्मंटन गावात १९५७ साली मारल्या गेलेल्या, ८.६३ मीटर लांबीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मगरीची प्रतिकृती ठेवली आहे, तिच्या जबड्यात मुलांना बसवून काढलेले छायाचित्र आईंना पाठवलेले नाही आणि पाठवले जाणारही नाही.

मग समुद्राचे करायचे काय, हा आईंचा प्रश्न रास्त आहे. ब्रिस्बेनच्या बाजूस समुद्र पूर्वेला आहे. तेथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी कोणाच्या तरी छपरामागे जातो. करुंब्यात तो समुद्रात बुडतो, आणि तेवढे पाहण्यासाठी सगळे पार्क खुर्च्या घेऊन वाळूवर येते, बाटल्या उघडते, व बुडाल्यावर काही जण टाळ्याही वाजवतात. मुलांनी हा प्रकार पूर्वी पाहिला नव्हता, कारण नागावास ती नेहमी मे महिन्यात चार दिवसांसाठी येतात आणि त्या वेळी आत टीव्हीवर क्रिकेट चालू असते. लेखिकेने मात्र तो वाडीच्या मागील गडग्यावर बसून, आईंच्या दिवेलागणीच्या हाका टाळत, लग्न होईपर्यंत रोज पाहिला होता व त्यास कधी टाळ्या वाजवाव्या असे सुचले नव्हते. येथे पहिल्या दिवशी लेखिकेस थोडे रडू आले. शेजारच्या आजींनी ते वाऱ्यामुळे असावे असे समजून आपला गॉगल पुढे केला.

दिवेलागणीनंतर येथे काही करण्यासारखे नसते, त्यामुळे फोनवरील बाकीच्या बातम्यांचा विचार झाला. नमूचे सासरे मासे सोडणार असल्यास सोडू द्यावेत, श्रावण संपेपर्यंत थांबावे. तात्यांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन पावसानंतर करू असे म्हणणे हे मागील तीन पावसाळ्यांतील तिसरे असे म्हणणे आहे. आणि बाळूकाकांनी वडिलोपार्जित वाडीचा पश्चिमेकडील तुकडा मुंबईच्या कोणा गृहस्थास रिसॉर्टसाठी देण्याचा विषय काढला आहे, हे आईंनी फोनच्या शेवटच्या मिनिटात, डाळीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. परंतु वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही हक्क असतो व विक्रीच्या कागदावर तिची सही लागते, ही गोष्ट बाळूकाका विसरले असावेत. ती सही मिळणार नाही. पश्चिमेकडील तुकडा म्हणजे नेमका गडगा आहे. पूर्वेकडील, आंब्याखालचा, जेथे पाणी साचते आणि डास होतात, तो त्यांनी खुशाल विकावा.

कागद कुरिअरने पाठवल्यास ब्रिस्बेनच्या बंद दारावर पडून राहतील, कारण कुटुंब महिनाअखेरपर्यंत रस्त्यावर असून करुंब्यातील पार्कात जागा क्रमांकापलीकडे पत्ता नाही. यंत्र थांबले आहे व आजोबा निघाले आहेत.

मुलांचा साष्टांग नमस्कार.

आपली कन्या व जावई