आकाश दिसतंय का?

तात्या हॉटेलात शिरले की मेनूकार्डाच्या आधी छताकडे बघतात. सोबत कोण आहे, कुणाला किती भूक लागलीय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. फोन टेबलावर उताणा ठेवायचा, मान वर करायची आणि वेटरला विचारायचं, "इथून आकाश दिसतंय का?" वेटर बिचारा पंख्याकडे बघतो.

असे तात्या नगरला सावेडीत सापडतात, संगमनेरात सापडतात, श्रीरामपुरात तर गल्लीला एक. साठी उलटलेली, फंडाचे पैसे हातात आलेले, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. मग एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीटा काढून दोन बाक, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची, आरटीओच्या चकरा मारायच्या आणि तिला कॅराव्हॅन म्हणायचं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते आपल्याला विचारूनच आणलं, अशा थाटात तात्या त्याबद्दल बोलतात. इथवर सगळं ठीक. पण गाडी तयार झाली की नेव्हिगेशनचा प्रश्न निघतो आणि ओळखीपाळखीच्या माणसांचे हाल सुरू होतात.

तात्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, किंवा त्यांनी वाचलेलं असतं, की जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपला पत्ता लागायला त्यातले किमान चार 'दिसावे' लागतात. तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या घड्याळातली चूक काढायला. माहिती अगदी खरी आहे. प्रश्न एवढाच, की ती तेराव्याच्या जेवणात पंगतीला ऐकवायची का? थोरल्या मुलानं पुण्यात फ्लॅट बघितला तेव्हा कार्पेट एरिया, पाणी, पार्किंग काही न विचारता तात्या थेट बाल्कनीत गेले. मंगल कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचा फोन मांडवाच्या झालरीबाहेर धरलेला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पट्टी काढली आणि प्रेमानं विचारलं, "काय दिसतंय, काका?" तात्या म्हणाले, "थांबा, आधी आकाश दिसतंय का बघतो."

यंत्राची निवड हा स्वतंत्र अध्याय आहे. इंग्लंडातल्या भाच्यानं हौसेनं कॅराव्हॅनसाठीचं खास यंत्र पाठवलं. तिकडं ते मोठ्या गाड्यांसाठीच बनवतात. गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरलं की बुटके पूल आणि अरुंद गल्ल्या ते परस्पर टाळतं. तात्यांनी स्टूल मागवलं, टेप धरायला शेजाऱ्याला बोलावलं, टपावरच्या कॅरियरसकट उंची मोजली आणि सगळे आकडे भरले. मग यंत्र चालू केलं. त्यात नकाशा होता युरोपचा. सावेडीच्या जागी कोरा पडदा आणि त्यावर एकटाच बाण. "आकाश दिसतंय," तात्या समाधानानं म्हणाले, "जमीन तेवढी दिसत नाहीये."

शेवटी सगळ्यांसारखाच फोन आणि त्यातलं गूगल मॅप्स. त्याला मात्र गाडीची उंची सांगायची सोयच नाही. तो पल्सरवाल्याला आणि तात्यांना एकाच रेल्वेपुलाखालून काढायला निघतो. म्हणून तात्यांनी आपली उंची फूट-इंचांत स्टिअरिंगवर चिकटवलीय आणि कुठलाही भुयारी मार्ग आला की काकू खाली उतरून वर बघतात. या घरात वर बघणं आता दोघांच्याही अंगवळणी पडलंय.

आता फोनचा स्टँड. डॅशबोर्डच्या मधोमध, काचेला लागून, जिथून आकाश सगळ्यात मोकळं दिसतं, तिथं शिर्डीचे साईबाबा बसलेले. त्यांच्या उजव्या हाताला गणपती, डाव्या हाताला काकूंच्या माहेरची मोहटादेवी. तात्यांनी फूटपट्टी काढली. बाबांना चार बोटं सरकवावं लागेल, असा निष्कर्ष निघाला. काकू म्हणाल्या, "बाबा हलणार नाहीत. तुमच्या उपग्रहांना सांगा काय ते." दोन दिवस बोलणी चालली आणि स्टँड चालकाच्या बाजूला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात गेला. नियमानंही तीच जागा बरी, कारण समोरचा रस्ता झाकला जात नाही. पण हे तात्यांना काकूंच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

स्टँड बसवताना त्यांना एकदा बघावंच. चष्म्याच्या फडक्यानं काच पुसायची, रबरी वाटीवर तोंडानं हाः करून वाफ द्यायची, वाटी काचेवर दाबून धरायची आणि श्वास रोखून खटका पाडायचा. मग चार्जरची वायर काचेच्या बीडिंगमध्ये नखानं दाबत दाबत खाली लायटरच्या सॉकेटपर्यंत न्यायची. अर्धा तास कुणाशी बोलणं नाही. एप्रिलच्या उन्हात ते रबर मऊ पडतं, फोन तापून पडदा काळवंडतो आणि नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीच्या अलीकडं एका खड्ड्यात सगळा संसार सुटून काकूंच्या चिवड्याच्या डब्यात पडतो. फोनमधली बाई डब्यातूनच सांगत राहते, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

पोलिसांनी अडवलं तर? तयारी आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालकाला रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. त्या दुरुस्तीची प्रत तात्यांनी लॅमिनेट करून घेतलीय. आजवर एकाही हवालदारानं ती मागितली नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

यंत्राच्या चुका मात्र ते घरच्या माणसाच्या चुकांसारख्या पोटात घालतात. नगरच्या उड्डाणपुलावर बाण अधूनमधून खालच्या रस्त्यावर उडी मारतो, कारण जीपीएस उंचीच्या बाबतीत कच्चं. बाई पुलावरूनच डावीकडे वळायला सांगते. तात्या म्हणतात, "तिचा दोष नाही, पूल नवा आहे." माळशेजमध्ये कड्यांनी आकाश अडवलं की बाण दरीत तरंगतो, तेही माफ. साम्रदच्या सांदण घळीत दोन भिंतींमध्ये आकाशाची पट्टीच तेवढी उरते, तिथं बाण भलत्याच डोंगरावर जाऊन बसला. घळीत पोचेपर्यंत बरोबरच्या मंडळींनी तो प्रश्न एवढ्यांदा ऐकला होता, की सगळ्यांनी एका सुरात ओरडून सांगितलं, "दिसतंय, तात्या, दिसतंय!"

तात्यांची चेष्टा इथवर करता येते. पुढं अकोले तालुक्यातलं कोतूळ येतं.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री नकाशानं दाखवलेल्या जवळच्या रस्त्यानं गेली आणि कोतूळच्या जुन्या पुलावर थेट पाण्यात शिरली. पिंपळगाव खांड धरणाचा फुगवटा चढला की मुळेवरचा तो पूल बुडतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. दोघं पोहून बाहेर आले, चालक गेला. यंत्राच्या हिशेबानं सगळं बिनचूक होतं. उपग्रह दिसत होते, रस्ता नकाशात होता, गाडी रस्त्यावर होती. रस्त्यावर पाणी आहे हे वीस हजार किलोमीटरवरून कुणी सांगत नाही.

ती बातमी वाचल्यावर तात्या काही दिवस गप्प होते. मग कॅराव्हॅन काढून कोतूळला गेले, पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि परत येऊन शंभर पानी वही घातली. तालुकावार. पावसाळ्यात कुठला फरशी पूल बुडतो, कुठला वळणरस्ता नकाशात नाही, भंडारदऱ्याच्या वाटेवर रेंज कुठं जाते, राजूरमध्ये कुणाला फोन करायचा. रात्री जेवणं झाली की तात्या नकाशात 'रस्ता बंद' अशा सूचना पाठवत बसतात. त्या कधी घेतल्या जातात, कधी नाही. हे काम ज्यांनी पगार घेऊन करायचं ते झोपलेले असतात. काकू कुरकुरतात, पण टपरीवाल्यांचे, पंपावरच्या पोरांचे, एसटीच्या चालकांचे नंबर त्यांच्याच अक्षरात आहेत. तात्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. कॅराव्हॅन हल्ली फारशी हलत नाही. काकूंचे गुडघे दुखतात, मुलांना सुट्टी नसते. फोन मात्र वाजत असतो. "तात्या, कोतूळवरून जाऊ का?"

आषाढात भंडारदऱ्याला गर्दी उसळते तेव्हा तात्या शनिवारी सकाळी संगमनेरच्या एखाद्या पंपावर छत्री घेऊन उभे असतात. अनोळखी गाडीच्या काचेत डोकं घालून कुठं चाललात, कुठल्या रस्त्यानं, असं दरडावून विचारतात. निम्मी पोरं काच वर करतात. उरलेली वैतागत का होईना ऐकतात, रस्ता बदलतात आणि गाडी सुरू करतात. तेवढ्यात पुन्हा काचेवर टकटक होते. "स्टँड फार वर लावलाय. चार बोटं खाली घ्या."