रॅम्पराव

रॅम्पराव हे कुणा एकाचं नाव नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात वीसेक वर्षं काढलेला, घराचं कर्ज निम्म्यावर आलेला आणि उजवा गुडघा कुरकुरायला लागलेला कुठलाही मराठी गृहस्थ रॅम्पराव होऊ शकतो. अट एकच. घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी हवी, आणि तिनं स्पेलिंग बी, भरतनाट्यम आणि गणिताचा जादा क्लास या तिन्ही आघाड्यांवर शस्त्रं खाली ठेवून स्केटबोर्ड उचललेला हवा. पहिलं वर्षभर रॅम्पराव कडाडून विरोध करतात. दुसऱ्या वर्षी ते तज्ज्ञ होतात. मधली पायरी त्यांच्या स्वभावातच नाही.

तज्ज्ञ झालं की टीव्हीवर भागत नाही, प्रत्यक्ष बघावं लागतं. व्हेंचुराला समुद्राला खेटून जत्रेचं मैदान आहे. तिथे २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात स्केटबोर्ड आणि सायकलींच्या कसरतींचे एक्स गेम्स भरले, तेव्हा रॅम्परावांच्या बऱ्याच आवृत्त्या एका ठिकाणी बघायला मिळाल्या. ओळखायला कष्ट नाहीत. आजूबाजूची पोरं ढगळ पॅन्ट आणि बोटाशी फाटलेले बूट घालून आलेली. रॅम्परावांचा टी-शर्ट इस्त्रीचा, कमरेला पाऊच, गळ्यात दुर्बीण. खेळाडू नाकासमोरून जाणार असतो, पण वानखेडेवर लागलेली सवय सुटत नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे त्यांनी आठवडाभर आधी वाचून ठेवलेलं असतं. त्यामुळे पार्किंगमध्येच गाडीची डिकी उघडून पंगत बसते. तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी लसणाची चटणी, सुरळी करून खायची गूळतुपाची पोळी. शेजारच्या गाडीतून उतरलेला, मानेपर्यंत गोंदलेला एक दाढीवाला पुरीकडे टक लावून बघतो. वहिनी त्याच्या हातावर दोन ठेवतात. रॅम्पराव त्याला विचारतात, "सो, व्हॉट डू यू डू?" तो सांगतो की मी रॅम्प बांधतो. पुढची वीस मिनिटं रॅम्पराव त्याला रॅम्प कसा बांधावा हे सांगतात.

रांगेत उभं राहिलं की इतिहासाचा तास सुरू होतो. त्यातली माहिती बिनचूक असते, हे कबूल करायला हवं. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, लोकांच्या परसातले पोहण्याचे तलाव कोरडे राहिले, आणि लाटांवर खेळणारी पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या कोरड्या तलावांच्या गोलसर भिंतींवर बोर्ड चढवायला लागली. आजच्या स्पर्धेतला तो खोलगट 'बोल' तिथून आला. हे सांगताना रॅम्परावांचा ऊर भरून येतो. "बघा, दुष्काळ आपल्याकडे पण पडला, बहात्तरला. आपण रोजगार हमी काढली, यांनी खेळ काढला!" वहिनी म्हणतात, "आपल्याकडे परसात तलाव होते का आधी?" तास तिथे संपतो.

सायकली दिसल्या की मात्र तज्ज्ञपणा थोडा गळतो. बीएमएक्सही इथलंच पीक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या पोरांनी मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल मातीत सायकली उडवून केली. चाक वीस इंची. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. एवढं रॅम्पराव सोसतात. पण कित्येकांच्या सायकलीला ब्रेकच नसतो. ज्या माणसाला पुण्यात सायकलला दिवा नाही म्हणून हवालदारानं अडवून चाकातली हवा सोडलेली आहे, त्यानं हे कसं बघावं? वर आणखी त्या चाकांच्या आसाला चार नळकांडी बसवलेली. 'पेग' म्हणतात, लोखंडी कठड्यावरून सायकल घासत न्यायला. "मुद्दाम घासतात?" रॅम्पराव हळूच विचारतात. आणि टेलव्हिप म्हणजे तर सरळ अपमान: हवेत असताना खेळाडू हँडल धरून ठेवतो आणि पायाखालची अख्खी सायकल गरकन फिरवून परत पायाखाली घेतो. फसलं की लाथ मारून सायकल दूर भिरकावतो आणि स्वतः मोकळा होऊन पडतो. अंगावर सायकल घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. रॅम्परावांनाही ते कळतं. पण सायकल भिरकावली की त्यांच्या तोंडून आपसूक निघतं, "अरे अरे अरे, रंग गेला ना!"

खरा रॅम्पराव दिसतो तो गुणफलकापाशी. गुण शंभरपैकी असतात, आणि शंभरपैकी म्हटलं की रॅम्परावांच्या अंगात त्यांच्या शाळेचे सगळे मुख्याध्यापक एकदम संचारतात. फोनवर तक्ता उघडतो, प्रत्येकाचे गुण भरले जातात, सरासरी काढली जाते. एखाद्या पोरानं सायकलवर बसून हवेत उलटी कोलांटी मारली, उतरला, सगळं मैदान उभं राहिलं, की रॅम्पराव खाली बसून टाईप करत असतात. कोलांटी त्यांनी बघितलेलीच नसते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये युतो होरिगोमेनं शेवटच्या उडीला ९७.०८ मिळवले आणि अवघ्या ०.१० गुणानं सुवर्ण नेलं, तेव्हा रॅम्पराव टीव्हीसमोर एकच वाक्य बोलले होते: "बाकीचे दोन पूर्णांक ब्याण्णव कुठे कापले?" आम्ही हसलो. पण खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न रास्तच वाटतो. एवढ्या उंच उडालेल्या माणसाचे ब्याण्णव शतांश मोजणारा डोळा कुणाचा आहे, हे कधीतरी कळायला हवं.

अडचण अशी की त्यांच्या परीक्षापद्धतीत हा खेळ बसत नाही. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला टोनी हॉकनं ९०० मारला, म्हणजे हवेत अडीच गिरक्या. ही गोष्ट स्केटबोर्डवाल्यांच्या घरी रामायणासारखी सांगतात. रॅम्पराव त्यातल्या एकाच मुद्द्यावर अडतात. वेळ संपली होती. घंटा झाली होती. तरी तो पुन्हा पुन्हा आपटत राहिला, पुन्हा पुन्हा वर चढत राहिला, आणि कुणीही त्याला थांबवलं नाही. "वेळ संपली की पेपर काढून घ्यायचा असतो," रॅम्पराव म्हणतात, "इथे पर्यवेक्षकच टाळ्या वाजवतायत! आणि त्याच उत्तराला पहिला नंबर!"

टाळ्यांचंही तसंच. आपल्या आधी कुणी भारी उडी मारली तर काठावर उभे असलेले बाकीचे स्पर्धक बोर्ड उभे धरून रॅम्पच्या काठावर धाडधाड आपटतात. ही त्यांची दाद. रॅम्पराव या आवाजानं दर वेळी दचकतात. मग टोकियो ऑलिंपिकची आठवण काढतात. तिथे मुलींच्या अंतिम फेरीत जपानची मिसुगु ओकामोतो शेवटच्या प्रयत्नात पडली, चौथी आली, रडायला लागली. तर तिच्या प्रतिस्पर्धी मुलींनीच तिला खांद्यावर उचलून घेतलं. अख्ख्या जगाचे डोळे पाणावले. रॅम्परावांचेही पाणावले. नाक पुसून त्यांनी विचारलं, "मग पहिलीला कुणी उचललं?"

पडण्याला मात्र ते शास्त्रासारखं घेतात. तेरा-चौदा फुटी उभ्या रॅम्पवरून पडताना गुडघे टेकून, गुडघ्याच्या प्लॅस्टिकच्या वाट्यांवर घसरत खाली यायचं, हात मध्ये घालायचा नाही: हे ते शेजारच्या तीन रांगांना समजेल एवढ्या आवाजात सांगतात. जेक ब्राउनचा दाखलाही देतात. तो २००७ मध्ये लॉस एंजलिसला सुमारे पंचेचाळीस फुटांवरून खाली आदळला, पायातले बूट उडून गेले, आणि थोड्या वेळानं उठून स्वतः चालत बाहेर गेला. वर रौप्यपदकही मिळालं. एवढं सांगेपर्यंत समोर कुणीतरी घसरतं. लगेच रॅम्पराव दोन्ही हातांनी डोळे झाकून "गेला, गेला!" करतात. वहिनींना शास्त्र येत नाही. त्या डोळे उघडे ठेवून बघतात आणि सांगतात, "उठला."

आणि मुलगी? मुलगी तीन रांगा खाली मैत्रिणींत बसलेली असते. वरच्या दुर्बीणवाल्या माणसाशी आपला रक्ताचा संबंध नाही, असा तिचा चेहरा. रॅम्परावांना बैठकीतल्या गाण्याची सवय, त्यामुळे सगळे "ओऽऽ" करत असताना ते अर्ध्या मात्रेनं उशिरा "वाऽ, क्या बात है!" म्हणून स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारतात आणि कळवळतात. मग खालून आवाज येतो: "बाबा, तू बस ना खाली."

व्हेंचुरातच २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूनं व्हर्ट म्हणजे उभा रॅम्प आणि पार्क म्हणजे तो खोलगट बोल, या दोन्ही प्रकारांत सुवर्ण घेतलं. वय तेरा. पुढच्या वर्षी तिनं तो ९००ही मारला. हॉकनं मारला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. रॅम्पराव भारावून ऐकत, बघत राहिले. "तेरा वर्षांची पोर!" आणि मग, आतून आल्यासारखं: "शाळा कधी करते?"

संध्याकाळी पार्किंग रिकामं व्हायला लागतं. वारं सुटलेलं असतं, वहिनी डबे आवरत असतात, आणि रॅम्पराव इकडेतिकडे बघून म्हणतात, "आण गं जरा तो बोर्ड." मुलगी विचारते, "तू गूफी का रेग्युलर?" उजवा पाय पुढे तो गूफी, डावा पुढे तो रेग्युलर, हे त्यांना पाठ असतं. "अर्थात रेग्युलर!" म्हणून ते उजवाच पाय पुढे ठेवतात. वहिनी आठवण करून देतात की पॅरिसला अँडी मॅकडोनल्ड नावाचा एक्कावन्न वर्षांचा माणूस ऑलिंपिकला उतरला होता. हे प्रोत्साहन आहे की टोमणा, ते ठरवायच्या आत बोर्ड पुढे निघतो. एक हात डिकीच्या कडेला, दुसरा वहिनींच्या खांद्यावर. डिकी सुटते. चार-पाच फूट अंतर कापलं जातं, तेही वहिनींसकट. मग शेजारच्या गाडीचा दाढीवाला दोघांना झेलतो आणि आपला बोर्ड काढून डांबरावर धाडधाड आपटतो.

मुलगी फोनमधून मान वर न काढता गुण जाहीर करते. "बारा."

"शंभरपैकी?" रॅम्पराव धापा टाकत विचारतात. "मग अठ्ठ्याऐंशी कुठे कापलेस?"

मुलगी फोन खिशात ठेवते, एक बोट वर करते आणि सांगायला लागते.