ताई, माई, अक्का

मुलीला कुत्रा हवा होता, बायकोला काहीच नको होतं आणि मला जे काही असेल ते स्वस्तात हवं होतं. या तीन मागण्यांचा लसावि म्हणून आमच्या न्यू जर्सीच्या घरात पाली आल्या.

पाली म्हटलेलं मुलीला खपत नाही. क्रेस्टेड गेको म्हणायचं. डोळ्यांवरून निघून पाठीकडे उतरणारी टोकदार झालर असते, जणू काजळ घालून पापण्या कुरळ्या केल्यात. प्रत्यक्षात या प्राण्याला पापण्याच नसतात. डोळ्यात कचरा गेला की लांब जीभ बाहेर काढून तो स्वतःचं बुबुळ चाटतो आणि वर आपल्याकडेच बघतो. मूळ गाव न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फ्रेंचांच्या ताब्यातलं. १८६६ साली शास्त्रात नोंद झाली, पुढे नामशेष म्हणून सगळ्यांनी नाद सोडला आणि १९९४ साली स्वारी पुन्हा सापडली. आता अमेरिकेत दुकानात मिळते. खायला फळांची तयार पूड पाण्यात कालवून द्यायची. हवा ७२ ते ७८ फॅरनहाइट, म्हणजे घरात असते तीच. हे ऐकलं आणि माझ्यातला सांगलीकर जागा झाला.

दुकानात तीन पिल्लं होती. तिन्ही घेतली तर एक निम्म्या किमतीत. तिन्ही घेतली. मग काउंटरवरच्या पोराने टाक्या दाखवल्या : १८ बाय १८ बाय २४ इंच, उभ्या, एकेकीला एकेक. टाकीची किंमत बघून माझी संस्कृती उफाळून आली. मी त्याला सांगितलं, की प्रत्येकाला स्वतंत्र खोली ही तुमची पद्धत. आम्ही गावभागातल्या दोन खोल्यांत नऊ माणसं वाढलो, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलो, काही बिघडलं नाही.

"टाकीचे पैसे वाचवायचेत म्हण की सरळ," बायको मराठीत म्हणाली.

"एकत्र ठेवायच्या तर नर नको," पोरगा म्हणाला. "या बहुतेक माद्याच आहेत." मला 'माद्या' ऐकू आलं, 'बहुतेक' नाही.

नावं मीच ठेवली. ताई, माई, अक्का. निवडणुकीतल्या त्या घोषणेचा पुढचा भाग, विचार पक्का करण्याचा, घरात कुणाच्या लक्षात आला नाही.

सुरुवातीला तिघी एकाच प्लास्टिकच्या पानावर एकमेकींवर रेलून झोपायच्या. मी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली 'एकीचं बळ'. ती माया नसून टाकीतल्या एकमेव चांगल्या जागेसाठी चाललेली रेटारेटी होती, हे नंतर कळलं. आईचा लगेच व्हिडिओ कॉल. "अरे, घरात पाल दिसली की केरसुणी घेऊन धावायचास. आता पैसे मोजून आणल्यास?" तिला दाखवायला टाकीचं दार उघडलं आणि अक्काने थेट माझ्या डोक्यावर झेप घेतली. तिकडे आईने पंचांग काढलं. "डोक्यावर की कपाळावर? पडली की उडी मारली?" पल्लीपतनाच्या कोष्टकात उडीची सोय नव्हती. सावधगिरी म्हणून मला आंघोळीला पाठवलं.

माई वाढेना. मोदकाची पिठी मोजायच्या काट्यावर (यावरून झालेलं भांडण वेगळं) ताई चाळिशीकडे निघालेली, माई मात्र पंधरा ग्रॅमवर थांबलेली. रात्री टॉर्च घेऊन बसलो तेव्हा दिसलं : अक्का खाण्याच्या वाटीवर चारी पाय रोवून बसली होती. माई दोन पावलं पुढे यायची, अक्का मान वळवायची, माई मागे. शेवटी ती काचेला चिकटून काचेवरचं पाणी चाटत राहिली. आमच्या नऊ माणसांत धाकटा काका असाच होता हे मला आठवलं, पण तो मुद्दा मी घरात मांडला नाही.

मग एका सकाळी टाकीच्या तळाशी नुसती शेपटी. वळवळत होती. मुलीने घर डोक्यावर घेतलं. इथे मात्र माझा अधिकार होता, बालपणच पालींखाली गेलेलं. "रडू नकोस, माईला नवी येईल. आमच्या सगळ्यांच्या यायच्या." ती रोज पट्टी घेऊन मोजायची. आली नाही. क्रेस्टेड गेकोची शेपटी एकदा गेली की गेली, जागेवर बारीक टोक उरतं आणि मागून पाहिलं तर बेडूक वाटतो.

तेवढ्यात अक्काच्या शेपटीच्या बुडाशी गाठ आली. आता मात्र शंकेची पाल चुकचुकली. सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर शोधली, तासभर गाडी चालवली, कॅन्सरबिन्सर ऐकायची तयारी ठेवली. तिने अक्काला उलटं धरलं, भिंगातून पाहिलं आणि हसली. "अभिनंदन. मुलगा आहे." तपासणीच्या बिलात दोन टाक्या आल्या असत्या. त्याही घ्याव्या लागल्याच. माईची शेपटी बघून ती म्हणाली, "जंगलातसुद्धा मोठी झालेली बहुतेक शेपटीविनाच असतात." मुलीचं समाधान झालं, माझी अब्रू काही परत आली नाही.

अक्काचा अण्णा झाला, तिघं तीन टाक्यांत गेली. माईने पंधरवड्यात वजन धरलं. ताईने मातीत दोन अंडी घातली. महिनाभराने पुन्हा दोन. अण्णा पलीकडच्या टाकीत, मध्ये दोन काचा. मी डॉक्टरला फोन केला, तेव्हा कळलं, की मादी नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते आणि दोन-दोन अंडी घालत राहते. तिला कॅल्शियम कमी पडू देऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. फ्रिजवर माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी आता ताईच्या कॅल्शियमचा डबा असतो.

पिल्लं निघाली तशी मी मंडळाच्या गणपतीत गिऱ्हाईक शोधू लागलो. एक काकू तयार झाल्या.

"शाकाहारी आहेत ना?"

"फळांची पूड खातात," मी म्हणालो. किड्यांचा विषय काढला नाही.

"मग दोन द्या. एकट्या जिवाला करमत नाही हो. एकाच टाकीत ठेवीन."

बायको माझ्याकडे बघत होती. मी काकूंना दोन टाक्यांची किंमत सांगितली. काकूंनी आरतीचं पुस्तक उघडलं.