घोडा पाटीवरचा

हसनाबादच्या बाजारात ट्रॅक्टरचा भाव विचारा, पाण्याच्या मोटारीचा विचारा, नाहीतर जळालेली मोटार भरून द्यायची मजुरी विचारा. समोरून आधी एकच सवाल येतो : किती एचपी?

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, शाळेच्या पुस्तकात अश्वशक्ती, हिशेबात 746 वॅट. भोकरदन तालुक्याची रानं बैलांनी नांगरली, घोडा वरातीपुरता. तरी मोजमाप घोड्यातच. हे काम जेम्स वॅटचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो वाफेची यंत्रं विकत होता आणि गिऱ्हाइकाकडे घोडे होते. तेव्हा ‘माझं यंत्र इतक्या घोड्यांचं काम करतं’ असं सांगून त्यानं पैसेही त्याच हिशेबानं लावले. म्हणजे एचपी जन्मला तोच मुळी बिल फाडायला.

ट्रॅक्टरच्या जाहिरातीत 50 एचपी छापतात, ती इंजिनाची. रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओपर्यंत त्यातले चाळीस-बेचाळीस पोचतात, बाकीचे वाटेत गिअरबॉक्समध्ये चरतात. हप्ता पन्नासांचा. पेट्रोलचीही तीच तऱ्हा. ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल, त्यात आपल्या मक्याचंही आलं. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं कमी, पण पंपावर मोजतात लिटर, किलोमीटर नव्हे.

खरी करामत विहिरीवर. बिनमीटरच्या कृषिपंपाला एचपीवर बिल, म्हणून पाचच्या मोटारीवर तीनची पाटी ठोकायची कला गावोगाव भरभराटीला आली. 2024 साली बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाली आणि कलेची कदरच संपली. आता दहावाला साडेसातची पाटी शोधतो. सौर पंपाच्या योजनेचं नाव ‘मागेल त्याला’. मागा खुशाल, एचपी सातबारा ठरवणार : अडीच एकरापर्यंत तीन, पाचपर्यंत पाच, पुढे साडेसात.

या सगळ्या पाट्यांची बेरीज होते डीपीवर. डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. पोरांच्या मोबाईलमधला डीपी दिवसातून दोनदा बदलतो. हा जळाला की बदलून येईपर्यंत गहू माना टाकतो. अंगावर लिहिलेलं असतं 63 किंवा 100 केव्हीए, आणि मंजूर भार धरलेला असतो पाट्यांवरचा. रात्री लाइट येते. प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच, सगळ्या एका दमात उठतात. सुरू होताना मोटार एरवीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतं. बरोबरच सांगतं. पण रात्री दोनला विंचूकाट्यातून बटण दाबायला कोण जाणार, हे काही सांगत नाही.

मग व्होल्टेज पडतं, मोटार नुसती गुरगुरते, तापते, जळते आणि दुचाकीवर आडवी होऊन बाजारात येते. भरणारा पाटीकडे ढुंकूनही बघत नाही. तो मोटार खोलतो, काळवंडलेली तार उपसतो, तांबं काट्यावर टाकतो आणि म्हणतो, ‘दादा, पाटी तीनची हाय, मजुरी पाचची लागंल.’